दहा लाख पौंड आणि मागे न घेता आलेला दावा

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबादच्या निजामाने शरणागती पत्करली. मराठवाड्यात आम्ही हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळतो. त्यानंतर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबरला, लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत एका खात्यातून दुसऱ्या खात्यात १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग वळते झाले. पहिलं खातं निजाम सरकारचं होतं. दुसरं होतं हबीब इब्राहिम रहिमतुला यांच्या नावे, आणि ते पाकिस्तानचे लंडनमधले उच्चायुक्त होते. हे रहिमतुला मूळचे मुंबईचे. त्यांचे वडील सर इब्राहिम रहिमतुला केंद्रीय कायदेमंडळाचे अध्यक्ष राहिलेले. पैसे वळते करण्याचा आदेश दिला होता मोईन नवाझ जंग यांनी. ते निजामाचे मंत्री होते आणि हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे मांडायला युरोपात गेलेले होते.

आठवड्याभरात, २७ सप्टेंबरला, निजाम मीर उस्मान अली खान यांनी बँकेला कळवलं की हा व्यवहार माझ्या परवानगीशिवाय झाला आहे, पैसे परत करा. बँकेने उत्तर दिलं की पैसे आता ज्याच्या खात्यात आहेत त्याच्या संमतीशिवाय आम्ही हात लावू शकत नाही. या एवढ्याशा देवाणघेवाणीतून जो खटला उभा राहिला त्याचा निकाल २ ऑक्टोबर २०१९ ला लागला. मध्ये ७१ वर्षं गेली.

इंग्लंडचं दिवाणी न्यायालय कसं चालतं हे समजावून घ्यायचं असेल तर मी याच प्रकरणाकडे बोट दाखवीन. त्यात निजाम, भारत आणि पाकिस्तान आहेत म्हणून नव्हे. त्या व्यवस्थेचे जवळजवळ सगळे दरवाजे या एका खटल्याने उघडले किंवा आपटून बंद केले, म्हणून.

पहिला दरवाजा बंद

निजामाने १९५४ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. प्रतिवादी बँक आणि रहिमतुला. मागणी साधी होती: पैसे माझे, मला द्या.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी. इंग्लंडमध्ये दिवाणी दाव्यांसाठी खाली काउंटी कोर्ट आणि वर हायकोर्ट अशी रचना आहे. आज साधारण एक लाख पौंडांपर्यंतचा पैशाचा दावा काउंटी कोर्टातच सुरू करावा लागतो. त्यातही दहा हजार पौंडांपर्यंतच्या किरकोळ दाव्यांची वेगळी, सोपी वाट आहे. तिथे लोक बहुतेक वेळा वकिलाविनाच उभे राहतात. भाडेकरूची अनामत रक्कम, सुताराने अर्धवट सोडलेलं काम, न भरलेलं बिल, असं सगळं तिथे चालतं. मोठे आणि गुंतागुंतीचे दावे हायकोर्टात जातात. हायकोर्टाचे तीन विभाग आहेत: किंग्ज बेंच, फॅमिली आणि चॅन्सरी. चॅन्सरीचं नाव पुढे वारंवार येणार आहे, कारण आपला खटला तिथलाच.

तर १९५४ मध्ये निजामाच्या दाव्याला पाकिस्तानने उत्तर देणंच नाकारलं. रहिमतुलांच्या खात्यातले पैसे हे पाकिस्तान सरकारच्या हाती असलेले पैसे आहेत, परक्या सार्वभौम देशाला त्याच्या संमतीशिवाय इंग्लंडच्या न्यायालयात खेचता येत नाही, म्हणून दावा इथेच थांबवा, एवढंच त्यांचं म्हणणं. न्यायमूर्ती अपजॉन यांनी ते मान्य केलं. अपील न्यायालयाने ते फिरवलं. मग प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे गेलं. त्या काळी देशातलं शेवटचं न्यायालय म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहातले न्यायाधीश लॉर्ड्स. वेगळं सर्वोच्च न्यायालय इंग्लंडला २००९ मध्ये मिळालं. नोव्हेंबर १९५७ मध्ये लॉर्ड्सनी अपील न्यायालयाचा निर्णय रद्द केला आणि निजामाचा दावा थांबला.

लक्षात घ्या, पैसे कोणाचे हे कोणत्याच न्यायालयाने तपासलं नव्हतं. ते तपासता येईल का, एवढ्यावरच तीन पायऱ्या चढून झाल्या होत्या. आपल्याकडेही प्राथमिक मुद्द्यावर दावा अडतो, पण इतक्या स्वच्छपणे नाही.

त्या पीठावर लॉर्ड डेनिंगही होते. निकालाशी ते सहमत होते, कारणांशी नव्हते. परदेशी सरकार वादात आहे म्हणून नव्हे, तर वादाचं स्वरूप काय आहे ते पाहून हे संरक्षण द्यावं, असं त्यांनी लिहिलं. सरकारने दुकानदारासारखा व्यवहार केला असेल तर त्याला दुकानदारासारखंच उत्तर द्यायला लावावं, हा त्यातला आशय. वकिलांनी न मांडलेले मुद्दे डेनिंग यांनी स्वतःहून घेतले म्हणून इतर लॉर्ड्सनी त्यांच्या मतापासून अंतर राखलं. एकवीस वर्षांनी, १९७८ मध्ये, ब्रिटिश संसदेने परदेशी राज्यांच्या संरक्षणाचा कायदा केला तेव्हा व्यापारी व्यवहारांना त्या संरक्षणातून वगळलं. माझ्या मते डेनिंग १९५७ मध्येच बरोबर होते. पण न्यायालयाने न मागितलेल्या वाटेने जाऊ नये, हा सहकाऱ्यांचा आक्षेपही खोटा नव्हता. इंग्लिश दिवाणी न्यायाधीश स्वतः शोध घेत नाही. दोन्ही बाजू जे पुढे ठेवतात त्यातूनच तो निवडतो.

पंचावन्न वर्षांची गोठण

दावा थांबला, तरी बँक पैसे कोणालाच देईना. एकाला द्यावेत तर दुसरा दावा लावणार. त्यामुळे रक्कम पडून राहिली आणि तिच्यावर व्याज चढत गेलं. वेस्टमिन्स्टर बँक पुढे विलीनीकरणातून नॅशनल वेस्टमिन्स्टर झाली. निजामाने १९६३ मध्ये या रकमेवरचा आपला हक्क दोन नातवांच्या, मुकर्रम जाह आणि मुफ्फखम जाह यांच्या, न्यासाकडे सोपवला. १९६५ मध्ये त्याच रकमेवरचा हक्क त्याने भारताच्या राष्ट्रपतींच्या नावेही लिहून दिला. १९६७ मध्ये निजाम वारला. ज्या पाच मराठी जिल्ह्यांवर त्याने राज्य केलं, ते तोवर महाराष्ट्रात येऊन सात वर्षं झाली होती.

२००८ मध्ये भारताच्या केंद्रीय मंत्रिमंडळाने पाकिस्तानशी न्यायालयाबाहेर तडजोड करण्याला मान्यता दिली. त्यातून काही हाती लागलं नाही.

पाकिस्तान स्वतः आत येतो

मग २०१३ मध्ये पाकिस्तानने असं काही केलं की सगळं बदललं. लंडनमधल्या उच्चायुक्तांच्या नावे त्यांनी बँकेविरुद्ध चॅन्सरी विभागात दावा दाखल केला: हे पैसे आमचे, आम्हाला द्या.

हा दावा समजून घ्यायला १९९९ चा बदल माहीत हवा. लॉर्ड वुल्फ यांच्या अहवालानंतर इंग्लंडने दिवाणी प्रक्रियेचे सगळे नियम नव्याने लिहिले आणि ते २६ एप्रिल १९९९ पासून लागू झाले. दावा सुरू करण्यासाठी शतकानुशतकं वापरला जाणारा ‘रिट’ नावाचा हुकूम गेला, त्याच्या जागी साधा दावा-अर्ज आला. वादीसाठीचा जुना फ्रेंच वळणाचा शब्दही गेला, त्याऐवजी सरळ ‘दावा करणारा’ असा शब्द आला. शब्दांपेक्षा मोठा बदल वृत्तीत होता. पूर्वी खटल्याचा वेग वकील ठरवत, आता न्यायाधीश ठरवतो. नियमांच्या पहिल्याच भागात उद्देश लिहिला आहे: प्रकरण न्याय्य रीतीने आणि प्रमाणशीर खर्चात निकाली काढणं. पुढचा प्रत्येक नियम या वाक्याच्या उजेडात वाचायचा असतो.

पाकिस्तानचा दावा आल्यावर बँकेने नेहमीची भूमिका घेतली. आमचा या पैशावर हक्क नाही, ज्यांचा वाद आहे त्यांनी भांडावं, न्यायालय सांगेल त्याला आम्ही देऊ. याला इंटरप्लीडर म्हणतात, आणि आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ८८ आणि आदेश ३५ मध्ये तो आजही आहे. या भूमिकेमुळे भारत आणि निजामाचे दोन नातू खटल्यात आले.

आणि पाकिस्तानच्या लक्षात आलं की चूक झाली. १९७८ च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की परक्या राज्याने स्वतः दावा लावला, तर त्या दाव्यापुरतं त्याने न्यायालयाचं अधिकारक्षेत्र मान्य केलं असं धरलं जातं. १९५७ ची जी भिंत भारताला आणि नातवांना ओलांडता येत नव्हती, ती पाकिस्तानने स्वतःच पाडली होती.

तेव्हा पाकिस्तानने दावा मागे घेतल्याची नोटीस दिली. या खटल्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी जागा हीच.

इंग्लंडच्या नियमांत दावा मागे घेणं सोपं आहे. बहुतेक वेळा परवानगीही लागत नाही. नोटीस द्यायची, प्रतिवाद्याचा तोवरचा खर्च भरायचा, आणि बाहेर पडायचं. आपल्याकडे आदेश २३ खाली वादी दावा सोडू शकतो, पण पुन्हा लावायची मुभा हवी असेल तर न्यायालयाकडे मागावी लागते. इंग्लिश नियमात मात्र एक छोटी खिडकी ठेवलेली आहे: ज्याच्याविरुद्ध दावा सोडला तो न्यायालयाकडे जाऊन ही नोटीसच रद्द करा, असं म्हणू शकतो. ही खिडकी क्वचितच उघडते. कारण जो वादी स्वतःच निघून चालला आहे त्याला कोण थांबवणार?

इथे थांबवण्याचं कारण होतं. पाकिस्तान गेला असता तर पैसे पुन्हा गोठले असते आणि सार्वभौमत्वाचं कवच परत अंगावर चढलं असतं. २०१५ मध्ये न्यायमूर्ती हेंडरसन यांनी ती नोटीस रद्द केली. न्यायालयात यायचं, दुसऱ्यांना आत ओढायचं, आणि डाव उलटतोय असं दिसलं की उठून जायचं, हा प्रक्रियेचा गैरवापर आहे, असा त्यांच्या निर्णयाचा अर्थ. पाकिस्तानला खटल्यात राहावं लागलं.

यात पाकिस्तानवर अन्याय झाला असं मला वाटत नाही. कोणी त्यांना ओढून आणलं नव्हतं. दिवाणी न्यायालयात वादी म्हणून उभं राहण्याची किंमत असते, आणि समोरच्याला आपल्याविरुद्ध बोलू देणं ही त्यातली पहिली किंमत.

लवकर संपवण्याचा प्रयत्न

नंतर पाळी भारताची आणि नातवांची. त्यांनी अर्ज केला की पाकिस्तानच्या दाव्यात काही दम नाही, संपूर्ण सुनावणीची गरजच नाही, आत्ताच निकाल द्या. इंग्लंडमध्ये अशा अर्जाची कसोटी ठरलेली आहे: दुसऱ्या बाजूला यश मिळण्याची खरी शक्यता आहे का? कल्पनेतली नव्हे, खरी. २०१६ मध्ये हेंडरसन यांनी हा अर्ज फेटाळला. सत्तर वर्षांपूर्वी काय घडलं याचा तपास साक्षीपुराव्यासह झाला पाहिजे, कागद चाळून नव्हे. तेव्हा पाकिस्तानने या निर्णयाचं स्वागत केलं होतं. एकाच न्यायाधीशाने एका वर्षी एका बाजूला अडवलं आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूला. खटला कोणत्या दिशेला झुकतोय याचा अंदाज बाहेरून बांधणं का अवघड असतं, ते इथे दिसतं.

त्याच वर्षी हेंडरसन अपील न्यायालयात गेले. सुनावणी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांच्यापुढे झाली.

जून २०१९

सुनावणी सुमारे दोन आठवडे चालली. एक न्यायाधीश, ज्यूरी नाही. इंग्लंडमध्ये दिवाणी खटल्यात ज्यूरी आता अगदी थोड्या प्रकारांत उरली आहे. पाकिस्तानच्या बाजूने खावर कुरेशी उभे होते. कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात पाकिस्तानची बाजू मांडणारेही तेच. भारताच्या बाजूने टिमोथी ऑटी होते. तिथे अशिलाला भेटून कागद तयार करणारा सॉलिसिटर वेगळा आणि न्यायालयात उभा राहणारा बॅरिस्टर वेगळा. मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत ही जोडी स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं चालली, तिथल्या जुन्या वकिलांना ती आठवत असेल.

साक्षीदार कोण? निजाम नाही, मोईन नवाझ जंग नाहीत, रहिमतुलाही नाहीत. सगळे गेलेले. उरले ते कागद: बँकेचा पत्रव्यवहार, तारा, सरकारी टिपणं, १९५० च्या दशकातली शपथपत्रं. इंग्लंडच्या प्रक्रियेत ‘डिस्क्लोजर’ नावाची एक कडक पायरी आहे. आपल्या बाजूचेच नव्हे, आपल्याला अडचणीत आणणारे कागदही समोरच्याला दाखवावे लागतात. पत्त्यांचा डाव झाकून खेळायची सवय असलेल्या वकिलाला हे प्रथम पचत नाही. मला मात्र ही पायरी त्या व्यवस्थेचा कणा वाटते. १९४८ मध्ये कोण काय म्हणालं हे सांगणारा माणूस उरला नव्हता, तरी खटला चालू शकला तो त्यामुळेच.

पाकिस्तानचे मुद्दे मुख्यतः दोन. पहिला असा की हे पैसे हैदराबादला पाठवलेल्या शस्त्रांची किंमत होते. सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने १९४८ मध्ये कराचीहून हैदराबादला विमानाने शस्त्रं पोहोचवली होती, ही इतिहासातली गोष्ट. दुसरा असा की पैसे भारताच्या हाती पडू नयेत म्हणून सुरक्षिततेसाठी पाकिस्तानकडे दिले होते.

दिवाणी न्यायालयात कसोटी संशयातीत पुराव्याची नसते, शक्यतेच्या तराजूची असते. कुठली गोष्ट घडली असण्याची शक्यता अर्ध्याहून जास्त, एवढंच पाहायचं. शस्त्रं आली, हे न्यायालयाने नाकारलं नाही. ही रक्कम त्या शस्त्रांच्या बदल्यात दिली, हे मात्र सिद्ध झालं नाही. दुसरा मुद्दा तर पाकिस्तानलाच महागात पडला. एखाद्याने आपले पैसे दुसऱ्याकडे जपून ठेवायला दिले, तर घेणारा मालक होत नाही. तो विश्वस्त होतो.

इथे चॅन्सरीचा सगळा इतिहास कामाला येतो. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सामान्य कायद्याच्या न्यायालयांचं गणित सोपं होतं: कागदावर ज्याचं नाव, वस्तू त्याची. ज्यांच्यावर यामुळे अन्याय होई ते राजाच्या चॅन्सलरकडे जात. चॅन्सलर माणसाच्या सदसद्विवेकाकडे पाहून आदेश देई: कागद तुझ्या नावाचा असेल, पण तू हे दुसऱ्यासाठी धरून आहेस, त्याला दे. त्यातून ‘इक्विटी’ म्हणजे समन्याय आणि न्यास या कल्पना वाढल्या. १८७३ ते १८७५ च्या कायद्यांनी दोन्ही न्यायव्यवस्था एका हायकोर्टात आणल्या, आता कोणताही न्यायाधीश दोन्ही नियम लावतो. तरी नावापुरता मालक आणि खरा लाभार्थी हा फरक तसाच उरला. आपला १८८२ चा न्यास कायदा त्याच मुळावर उभा आहे. गावाकडे सोनं शेजारणीकडे ठेवून काशीला जाणाऱ्या बाईला हा फरक कोणी शिकवावा लागत नसे.

रहिमतुलांच्या नावावर खातं होतं, पैशाचा लाभ त्यांचा किंवा पाकिस्तानचा नव्हता. तो सातव्या निजामाचा होता आणि त्याच्याकडून हक्क मिळालेल्यांचा, म्हणजे दोन नातवांचा आणि भारताचा. हैदराबादचं भारतात विलीन होणंच बेकायदा होतं म्हणून या लोकांना दाद मागता येत नाही, हा युक्तिवाद न्यायमूर्ती स्मिथ यांनी स्वीकारला नाही. दोन देशांमधला प्रश्न असल्याने न्यायालयाने हातच घालू नये, हेही नाही. कालमर्यादेचा मुद्दाही टिकला नाही.

सप्टेंबर १९४८ मधली लष्करी कारवाई योग्य की अयोग्य, हे या निकालाने ठरवलं असं आपल्याकडे आणि सीमेपलीकडेही काहींनी लिहिलं. ते खरं नाही. न्यायालयापुढे प्रश्न एका बँक खात्याचा होता आणि उत्तर तेवढ्यालाच दिलं गेलं. ज्यांच्या आजोबांनी रझाकारांचा काळ पाहिला त्या आमच्यासारख्यांना ही तटस्थता कोरडी वाटू शकते. मला ती आवश्यक वाटते, नाहीतर लंडनचा एक न्यायाधीश आमच्या मुक्तिसंग्रामावर शिक्का मारायला मोकळा झाला असता.

पैसे आणि खर्च

तोवर रक्कम सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली होती. इंग्लंडमध्ये हरणाऱ्याने जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा हा सर्वसाधारण नियम, आणि तो आपल्याकडच्यासारखा नाममात्र नसतो. वकिलांची खरी फी हिशोबात धरली जाते, त्यामुळे मोठ्या दाव्यात खर्चाचा आदेश हाच दुसरा निकाल ठरतो. पाकिस्तानला समोरच्या बाजूंच्या खर्चाचा मोठा भाग भरावा लागला. याच नियमामुळे इंग्लंडमध्ये कितीतरी दावे सुनावणीआधी मिटतात. याच नियमामुळे कितीतरी सामान्य माणसं खरा हक्क असूनही न्यायालयाची पायरी चढत नाहीत. या दुसऱ्या गोष्टीवर तिथे अजून उपाय सापडलेला नाही.

२०२० च्या सुरुवातीला पैसे दिले गेले. त्यानंतर सातव्या निजामाच्या इतर वारसांनी आपलाही वाटा आहे म्हणून खटला पुन्हा उघडण्याची मागणी केली, ती न्यायमूर्ती स्मिथ यांनी त्याच वर्षी नाकारली. भारत आणि दोन नातू यांच्यात कोणाला किती, हे निकालपत्रात कुठेच नाही. ते त्यांनी सुनावणीपूर्वीच आपसात गोपनीय कराराने ठरवलं होतं, आणि ज्यावर वाद उरला नाही त्यात न्यायालयाने डोकावलं नाही.